नाव सांगू न देणाऱ्या दोघांचे आभार

बेळगावहून आम्ही चालवत असलेल्या कला-संस्कृतीविषयक ऑनलाइन मासिकाचे संकेतस्थळ नव्याने उभारताना जुने सारे लेख युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, आणायचे होते, आणि तिथेच घात झाला. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशीच अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचे नेमके उलट. हा क्रम न पाळता रूपांतर झाल्यामुळे १९२४ साली याच जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्मलेल्या कुमार गंधर्वांवरचा आमचा लेखही वाचता येईना. ‘गंधर्व’ हा शब्दच मोडलेला पाहून मला रडू आवरले नाही.

टिळकवाडीतील एका संगणक दुरुस्तीच्या दुकानात भेटलेल्या, घरी कन्नड बोलणाऱ्या एका तरुणाने ही अडचण ऐकली आणि सलग तीन रविवार आमच्याकडे बसून अक्षरांचा क्रम लावणारी छोटी आज्ञावली लिहून दिली. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला भेद त्यांनी मला पुन्हा पुन्हा उच्चार करायला लावून कानाने समजून घेतला, कारण चुकीचा शब्द आपल्या हातून जाऊ नये, असे त्यांना मनापासून वाटत होते. मोबदला त्यांनी नाकारला. आईसाठी थोडा कुंदा तेवढा नेला.

खानापूरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी त्यानंतर प्रत्येक लेखाची छापील प्रत तांबड्या पेन्सिलीने तपासली. या दोघांचे आम्ही अंतःकरणपूर्वक आभार मानतो.