विनोद कुणासाठी, हे तिकिटावर लिहा

मा. संपादक,

स्टँडअप विनोदकारांना आवर घालावा की नाही, यावर आपल्या वाचकपत्रांत दोन्ही बाजूंनी हिरिरीने लिहिले जाते. दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात, की विनोद सगळ्यांसाठी सांगितलेला असतो. तसा तो नसतो. तिकीट काढून, खुर्चीला खुर्ची लावून बसलेल्या शे-सव्वाशे माणसांसाठी तो बेतलेला असतो आणि तशाच माणसांपुढे महिनोन्‌महिने घासूनपुसून घेतलेला असतो. आम्ही असे कार्यक्रम लावण्याच्या कामात आहोत. कुणाला कसला उपहास रुचेल यावर पोलीस ठाण्यात तोडगा निघत नाही. तो तिकीट विकतानाच काढायचा असतो आणि आयोजक मंडळी नेमके तिथेच हात आखडता घेतात.

आधी हा माल तयार कसा होतो ते पाहू. ओपन माइकला, म्हणजे नवख्यांसाठी मंच खुला असतो त्या कार्यक्रमात, एकेकाला चार-पाच मिनिटे मिळतात. मागच्या भिंतीवर दिवा लुकलुकला की एक मिनिट उरले, गुंडाळायला घ्या. त्या पाच मिनिटांतले हशा घेणारे मिनिटभर बाजूला काढायचे, बाकीचे टाकून द्यायचे, असे करत तासाभराचा कार्यक्रम उभा राहायला वर्ष सहज जाते. एक साधा नमुना घ्या. ‘आमच्या नगरसेवकांनी शब्द दिला होता, या रस्त्याने जाताना पोटातलं पाणी हलणार नाही. शब्द पाळला. गाडीच हलत नाही.’ पहिली दोन वाक्ये सेटअप, म्हणजे विनोदाची मांडणी; तिसरे पंच, म्हणजे हसवणारा फटका. ‘शब्द पाळला’नंतर अर्धा श्वास थांबावे लागते. न थांबता पुढे गेले तर लोक अजून नगरसेवकाची स्तुतीच ऐकत असतात आणि पंच वाया जातो. फार थांबले तर पुढच्या रांगेतला कुणीतरी हुशार पंच स्वतःच बोलून टाकतो. हशा ओसरायच्या आत जोडायची ओळ म्हणजे टॅग: ‘आणि पाणी? ते खड्ड्यात आहे, तेही हलत नाही.’

यात ‘नगरसेवक’ आहे तोवर सगळे सभागृह एका बाजूला असते. त्या जागी गावातल्या एका पुढाऱ्याचे नाव घातले की शब्द तेच, पंच तोच, पण माणसे हसण्याआधी शेजाऱ्याकडे पाहतात. पुढाऱ्याऐवजी एखाद्या समाजाचे नाव घातले तर रस्ता, खड्डा, पालिका सगळे बाजूला राहते आणि उरते फक्त हिणवणे. प्रक्षोभक विनोद बिघडतो तो बहुतेकदा इथे. घाव कुणावर आहे हे सांगणाऱ्यालाच पक्के ठाऊक नसते. अंगावर येणारी ओळ सुरुवातीला टाकणे ही दुसरी चूक. जाणता माणूस आधी स्वतःवर दोन-चार ओढून घेतो, विश्वास कमावतो आणि जड ओळ कार्यक्रम निम्म्याहून अधिक सरकल्यावर, एका दणदणीत हशाच्या पाठोपाठ सोडतो. शांतता पसरली तर खुलासा करत बसत नाही. विनोद समजावून सांगितला की ते भाषण होते, आणि भाषण आवडले नाही की लोक खरोखरच चिडतात.

सभागृहाचाही यात मोठा वाटा असतो. बुटक्या छताचा, अंधारा, माणसे दाटीवाटीने बसलेला छोटा हॉल या कलेला मानवतो, कारण हशा छतावर आपटून परत येतो आणि बिचकणाराही त्यात ओढला जातो. सात-आठशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात बाल्कनीतले हसू मंचावर उशिरा पोहोचते. क्लबच्या, म्हणजे अशा छोट्या हॉलच्या, वेगाने बोलणारा तिथे स्वतःच्याच हशावर पाय देत जातो. कंपनीच्या कार्यक्रमात गोल टेबले, दिवे लख्ख, निम्म्यांची पाठ मंचाकडे, आणि साहेब हसल्याशिवाय कुणी हसत नाही. तिथे राजकारण, धर्म, लैंगिक विषय नकोत हे करारातच लिहिलेले असते आणि ते रास्तही आहे, पाहुणे जेवायला आलेले असतात. सोसायटीच्या गणेशोत्सवात पहिल्या रांगेत आजी आणि मांडीवर नात. क्लबमध्ये टाळ्या घेणारा उतारा तिथे म्हणणारा माणूस धाडसी नसतो, त्याला फक्त समोरचे दिसत नसते.

मराठी प्रेक्षक हळवा झालाय, हे आम्हाला मुळीच मान्य नाही. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्याने पाटील, फौजदार, मंत्री यांच्यापैकी कुणाला सोडले? तेही गावातच, ज्याची टर उडवली तो समोर बसलेला असताना. पण फडावर येणाऱ्याला आपण काय पाहायला आलोय हे ठाऊक असे. गण झाला, गवळणीत मावशी आली, आता टिंगल सुरू होणार, हे पाऊल तो ओळखत असे. दुसरीकडे शालजोडीतले देण्यावर खूश होणारा मोठा वर्ग आहे. त्याला जोडा चालतो, पण शालीत गुंडाळून. नवे स्टँडअप शाल बाजूला ठेवते. त्यात वाईट काही नाही, पण दोन्ही प्रेक्षकांना एकच जाहिरात दाखवून एकाच सभागृहात बसवले तर निम्मे लोक फसवणूक झाली म्हणून उठणार.  

आता क्लिपचे बोलू. २० डिसेंबर २०१४ रोजी वरळीच्या एनएससीआय संकुलात एआयबी या विनोदी चमूचा ‘रोस्ट’, म्हणजे पाहुण्यांची तोंडावर टिंगल करायचा कार्यक्रम, झाला. सुमारे चार हजार प्रेक्षक, आणि ज्यांची रेवडी उडवली ते स्वतःहून मंचावर बसलेले. त्या रात्री काही बिनसले नाही. २८ जानेवारी २०१५ला चित्रफीत यूट्यूबवर चढली आणि आठवडाभरात उतरवावी लागली, पुढे गुन्हेही दाखल झाले. शब्द तेच होते. फरक एवढाच, की समोरासमोरची संमती चित्रफितीबरोबर प्रवास करत नाही. रीलमध्ये तर साठ-नव्वद सेकंदच असतात. सेटअप कापला जातो, उभी चौकट बसवताना हातवारे कापले जातात आणि खालच्या मजकुरात पंच आवाजाच्या आधीच वाचून होतो. सभागृहात शंभर जणांच्या हशात ऐकलेली ओळ घरी एकट्याने, फोनवर, शांततेत ऐकली की ती शिवीच वाटते. म्हणून चित्रीकरणाला प्रेक्षकांकडे तोंड केलेले स्वतंत्र माइक लावतात आणि एकाच दिवशी दोन प्रयोग करून त्यातले चांगले तुकडे जोडतात. हशाचा ट्रॅक पातळ राहिला तर उत्तम विनोदही उद्धट वाटतो.

विनोदकार कुणाल कामराचा कार्यक्रम मुंबईत खारच्या ‘हॅबिटॅट’मध्ये आधीच चित्रित झाला होता. २३ मार्च २०२५ला तो प्रसिद्ध झाला आणि त्यातल्या एकनाथ शिंदे यांच्यावरच्या विडंबनावरून त्याच रात्री शिंदे यांच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी हॉल फोडला. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे पथक बांधकाम तोडायला हजर. व्हिडिओ मात्र होता तिथेच राहिला, उलट ज्यांनी कधी पाहिला नसता त्यांनीही पाहिला. हॉलमालकाचा त्यातल्या एकाही शब्दाशी संबंध नव्हता. अशा वेळी दुसऱ्या हॉलमालकांनी भाडेपत्रात ‘राजकीय मजकूर नको’ असे कलम घातले तर त्यांना दोष कसा द्यायचा? मोठ्या विनोदकाराचे त्याने काही अडत नाही. त्याच मंचावर पाच मिनिटांसाठी रांग लावणाऱ्या पोरांचे अडते. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘इंडियाज गॉट लेटेंट’ या यूट्यूबवरच्या कार्यक्रमावरून वादळ उठले, तेही चित्रण याच हॉलमधले. मात्र त्या कार्यक्रमातल्या आईबापांविषयीच्या प्रश्नाला उपहास म्हणायला आमची तयारी नाही. त्यात घाव घालायला कुणी नव्हतेच, नुसते दचकवणे होते. आवडले नाही म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत आहोत. राज्याराज्यांत गुन्हे दाखल करण्याशी नाही.

कायदा मोडकळीला आलाय, असे म्हणतात, तेही अर्धवट आहे. बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आहे. तो गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना आपणहून उठून तपास करता येत नाही. पण त्याला कलम ३५३, म्हणजे सार्वजनिक शांतता बिघडवणारी विधाने, जोडले की प्रकरण दखलपात्र होऊ शकते. कामराच्या प्रकरणात दोन्ही लावली होती. त्यावर उपाय कायद्यातच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. २८ मार्च २०२५ रोजी गुजरातमध्ये एका कवितेवरून दाखल झालेला गुन्हा रद्द करताना, शब्दांवरून तक्रार आली की हीच वाट धरा, असे सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सुनावले. शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या, धीट, समंजस माणसाच्या मापाने मोजायचा, हलक्या कानाच्या आणि डळमळीत मनाच्या नव्हे, हेही तिथे पुन्हा सांगितले गेले. ही कसोटी मूळची आपल्याकडची आहे. नागपूर उच्च न्यायालयात स्वातंत्र्याच्या सुमारास न्यायमूर्ती विवियन बोस यांनी ती मांडली. महाराष्ट्रातल्या ठाणेदारांना ती तोंडपाठ असायला हरकत नाही.

नाटकासारखे स्टँडअपलाही आधी तपासून प्रमाणपत्र द्या, अशी मागणी होते. रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाकडे नाटकाची संहिता जाते, कारण संहिता ठरलेली असते. इथे शब्द रोज बदलतात आणि प्रेक्षकांशी गप्पा मारून फुलवलेल्या वीस मिनिटांना संहिताच नसते. तपासणार काय?

त्यापेक्षा आयोजकांनी करायची कामे साधी आहेत. तिकिटावर ‘१८ वर्षांवरील’ एवढेच छापून भागत नाही, त्यातून फक्त शिव्या असतील एवढे कळते. भाषा, राजकारण आहे का, धर्मावर आहे का, प्रेक्षकांची टिंगल होणार का, हे चार ओळींत लिहा आणि विनोदकाराच्या आधीच्या पाच मिनिटांची न कापलेली चित्रफीत जोडा. सूत्रसंचालकाने पहिल्या मिनिटात तेच तोंडी सांगावे. पहिल्या पंधरा मिनिटांत उठून जाणाऱ्याला पैसे परत, असे जाहीर करा. हा नियम दारावर दिसला की उठायची सोय आहे म्हणून लोक निवांत बसतात. पहिल्या रांगेत ज्यांना टिंगल चालेल तेच बसवा, तिकीट काढतानाच विचारता येते. फोन पाकिटात बंद करून घ्या. विडंबनगीत असेल तर मूळ ध्वनिमुद्रण वाजवू नका. चालीचे हक्क वेगळे, ध्वनिमुद्रणाचे वेगळे, आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका-समीक्षेला सवलत असली तरी विडंबनाचे नाव त्यात नाही. अभंगाची चाल तर भक्ती हाच विषय असेल तेव्हाच घ्यावी. नाहीतर पुढाऱ्यावर फेकलेला दगड वारकऱ्याला लागतो.

कलाकाराची बाहेर पडायची वाट प्रेक्षकांपासून वेगळी ठेवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोलापुरात प्रणित मोरे या विनोदकाराला कार्यक्रमानंतर मारहाण झाली. फोटो काढायच्या निमित्ताने टोळके जवळ आले, असे त्याच्या चमूने जाहीर केले. निमित्त एका नटावरचा विनोद. छोट्या गावातल्या हॉटेलात दुसरे दार नसते, तेव्हा फोटोचा कार्यक्रमच ठेवू नये. चाहते रुसतील, रुसू द्यावेत.

राहता राहिले वर्तमानपत्र. विनोदातली ओळ ‘वादग्रस्त विधान’ या मथळ्याखाली छापली जाते, जणू पत्रकार परिषदेत केलेली घोषणाच. इंदूरमध्ये १ जानेवारी २०२१ रोजी विनोदकार मुनव्वर फारुकीला अटक झाली, तेव्हा रोख त्या दिवशीच्या बोलण्यापेक्षा आधीच्या व्हिडिओवरच अधिक होता. सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम जामीन मिळेपर्यंत फेब्रुवारी उजाडला. ती ओळ कधीची, कुठली, किती मिनिटांतली, एवढे तीन तपशील बातमीत असते तर वाचकाला निदान प्रश्न तरी पडला असता. आमची विनंती एवढीच, की यापुढे अशी बातमी देताना कार्यक्रमाची तारीख, सभागृह आणि क्लिपची लांबी पहिल्या परिच्छेदात द्यावी, आणि त्या ओळीच्या आधीची दोन वाक्ये मिळत असतील तर तीही छापावीत.

आपले,
विनोदी कार्यक्रमांच्या आयोजनात काम करणारे काही वाचक, पुणे