शेत विकू नका

मस्कत, 5 मे 2024

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर बाबा म्हणाले, "ये परत. ओढ्याकडचं भाताचं शेत विकू, बेळगावात ऑफिस घाल." माझ्याच्यानं बोलवेना, म्हणून लिहितोय. शेत विकू नका.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली. इथं मी आर्किटेक्ट म्हणून नाही, ड्राफ्ट्समन म्हणून लागलो. सुदानला, खार्टूममध्ये माझ्या हाताखाली सहाजण होते. इथं सव्वीस वर्षांचा मुलगा माझी ड्रॉइंग तपासायचा. आईच्या जिवाला घोर लागेल म्हणून गप्प राहिलो. गेल्या वर्षी 15 एप्रिलला, ऐन रमजानात, तिथलं लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली. दहा दिवसांनी पोर्ट सुदानहून आपल्या नौदलाची 'सुमेधा' 278 जणांना घेऊन निघाली, त्यात मी होतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. डिग्री, लॅपटॉप, सगळे नकाशे तिथंच राहिले. कागदाशिवाय मला कोण आर्किटेक्ट म्हणणार?

बाबा, तसले गुडघे घेऊन तुम्ही खानापूरच्या बसनं मच्छ्याला उतरलात, व्हीटीयू विद्यापीठात जाऊन डुप्लिकेट डिग्री काढलीत. पाकीट आलं ते बियाण्याच्या पिशवीत गुंडाळलेलं, वर तुमची सुतळीची गाठ. ती मला कात्रीनं कापवेना. नखानं सोडवत बसलो.

त्या कागदावर या महिन्यापासून मी इथं आर्किटेक्ट आहे. पहिलं काम निझव्याजवळच्या जुन्या मातीच्या घराचं. भिंत खालून भिजून पोकळ झालीय. मुकादम सिमेंटचा गिलावा मारू म्हणत होता. मी नको म्हटलं. सिमेंट ओल आत कोंडतं, माती श्वास घेते. हे मी कॉलेजात नाही, तुमच्या हाताखाली पेंढा घातलेली माती तुडवताना शिकलो. खार्टूमशेजारच्या ओमदुर्मानचे म्हातारे गवंडीही तेच सांगायचे. त्यांच्या लिंपणात शेण असायचं, अगदी आईच्या सारवणासारखं. दर शुक्रवारी त्यांना फोन लावतो. अजून लागत नाही.

पगार फार नाही, पण खोलीचं भाडं जाऊन उरतो. यंदा शाकारणीचे पैसे मी पाठवतोय. पाऊस लागायच्या आत माणूस बोलवा. माजघरावरच्या कोनवाशाला वाळवी लागलीय का, तेही त्याला बघायला सांगा. बाबा, तुम्ही शिडीवर चढायचं नाही. आई, लक्ष ठेव.

तुमचा,
बाळू