पुढच्याला उघडता आलं पाहिजे : पेनवाल्या काकांना आभाराचं पत्र

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गिरगावातली जिन्याखालची, फाउंटन पेनं दुरुस्त करायची तुमची जागा रिकामी झाली त्या दिवशी टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, मुलगा सामान मोजत होता, आणि तुम्ही खणातला पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवून म्हणालात, "हा तुला लागेल." एवढ्या गडबडीत आभार मानायला सवड नव्हती. आता तुम्ही चिपळूणला स्थिरावला असाल, म्हणून निवांत लिहिते आहे. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण तुमच्या हाताखालून गेलेली पेनं आज कितीतरी जणांच्या खिशात आहेत. आपलं पेन पुन्हा लिहायला लागलं एवढंच त्यांना माहीत आहे. आत तुम्ही काय केलंत आणि ते तसंच का केलंत, हेही त्यांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

तुमच्याकडे येण्याआधी मी पेनं जमवत होते. चोरबाजारात जुन्या चष्म्यांच्या आणि घड्याळांच्या ढिगात पेनं मिळतात, कुणाचं जुनं घर आवरताना निघतात, ती घेऊन यायची, पुसायची आणि मखमलीच्या खाचांच्या पेटीत लावून ठेवायची. त्यातली बहुतेक लिहीत नव्हती. दोन-तीन दुकानांत विचारलं तर "आता याचे पार्ट येत नाहीत, मॅडम, नवीन घ्या" हेच उत्तर. तुम्ही पेटी उघडलीत आणि कुठलं पेन कितीला घेतलं, कुठल्या सालचं आहे, यातलं काहीच विचारलं नाहीत. "यातल्या कशाने लिहितेस?" एवढंच विचारलंत. मग खटक्याचं एक शेफर उचललंत आणि मला स्टूल पुढे ओढायला सांगितलंत.

त्या दुपारी जे पाहिलं ते सविस्तर लिहिते. खटक्याचं पेन अमेरिकेतल्या आयोवाच्या वॉल्टर शेफर नावाच्या जवाहिऱ्याचं, त्याचं पेटंट 1908 चं. पोटात रबराची नळी, नळीला लागून एक पट्टी, आणि बाहेरचा खटका उचलला की ती पट्टी नळीला चेपते. खटका सोडला की नळी फुगते आणि शाई ओढून घेते. बस्स, एवढीच युक्ती. पण रबराला काही दशकांत वय होतं. तुम्ही हेअर ड्रायरने पेनाचा गळा, म्हणजे निब बसते तो भाग, कोमट केलात, जोर न लावता डावीउजवीकडे हलवत बाहेर काढलात आणि पेन कागदावर उलटं केलंत. काळा, कडक चुरा पडला. ती नळी होती. मग गळ्याच्या मागच्या बोंडावर चिकटलेले तिचे अवशेष ब्लेडच्या पाठीने खरवडलेत, आणि ते करताना बोंडाला चरा पडू नये म्हणून ब्लेड जवळजवळ आडवं धरलं होतंत. नवी नळी लांबीला कापली, बोंडाला लाखेचा हात फिरवला, नळी चढवली आणि रात्रभर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी नळीला वरून टाल्कम पावडर लावलीत, म्हणजे ती आत पट्टीला चिकटून बसणार नाही. नंतर पेन पाण्याच्या पेल्यात धरून खटका माझ्याकडून उचलवलात. बुडबुडे आले. "आता सोड आणि दहा आकडे मोज, घाई करायची नाही," असं म्हणालात. नळीला फुगायला वेळ लागतो, आणि लोक पेन लगेच बाहेर काढतात म्हणून त्यांचं पेन अर्धंच भरतं, हे मला तेव्हा कळलं.

काका, त्या लाखेबद्दल मला खास लिहायचं आहे. लाखेचे चपटे तुकडे स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं ते द्रावण. सुतार फ्रेंच पॉलिशला वापरतात तेच. मी विचारलं होतं, बाजारात याहून पक्के गोंद मिळतात, मग हेच का? तुम्ही म्हणालात, "पक्कं नकोच आहे. पुढच्याला उघडता आलं पाहिजे." लाख शाईला दाद देत नाही, पण ऊब दिली की सुटते. तुम्ही लावलेली नळीही एक दिवस कडक होणार, तेव्हा कुणीतरी दुसरा हे पेन हातात घेणार, आणि त्याला ते न तोडता उघडता यावं, हा विचार तुम्ही प्रत्येक कामात केलात. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने कायमची जाम केलेली पेनं तुमच्या टेबलावर यायची तेव्हा तुमचा चेहरा मी पाहिला आहे. तुम्ही कुणाला बोलला नाहीत. तासन् तास बसून, पाण्यात आणि उबेत, ती मोकळी करायचा प्रयत्न करत राहिलात, आणि काही सुटली नाहीत तेव्हा त्या गिऱ्हाइकाकडून पैसे घेतले नाहीत. पन्नास वर्षांनी येणाऱ्या अनोळखी कारागिराची सोय पाहून काम करणारा माणूस मी तुमच्याआधी पाहिला नव्हता.

आणि तुम्ही हातचं राखून ठेवलं नाहीत. कारागीर आपली किल्ली सहसा कुणाच्या हाती देत नाहीत, त्यात त्यांचं पोट असतं, हे मला समजतं. तुम्ही मात्र विचारेन ते सांगितलंत. पेन कशाचं आहे ते अंगठ्याने जोरात घासून वास घ्यायचा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कारण ते बनवताना कापूर घालत. त्याला ज्योतीजवळ अजिबात न्यायचं नाही, ते भडकन पेटतं. गंधकाचा वास आला तर एबोनाइट, म्हणजे गंधकाने कडक केलेलं रबर. त्याला गरम पाण्यात बुचकळायचं नाही आणि उन्हात ठेवायचं नाही, काळा रंग उडून तपकिरी-हिरवट होतो. नळी मापायला साधी मोजपट्टी पुरते, कारण नळीचा नंबर म्हणजे इंचाचे चौसष्टावे भाग, सोळा नंबरची नळी पाव इंचाची. नळ्यांच्या पुड्यांवर तुम्ही पेन्सिलीने नंबर लिहून ठेवलेत. डब्यात त्या तशाच आहेत.

पार्कर 51 तुमचं लाडकं, हे तुमच्याकडे येणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. कंपनी 1888 ची, तिच्या 51 व्या वर्षी, 1939 मध्ये, पेन तयार झालं म्हणून हे नाव, आणि ते बाजारात आलं 1941 मध्ये. निब जवळजवळ सगळी आवरणाखाली लपलेली, टोक तेवढं बाहेर. माझ्याकडचं 51 हे 1948 नंतर आलेल्या, नळी बोटांनी दाबून भरायच्या जातीचं. कित्येक वर्षं वाळलेली शाई आत होती आणि मी मनातून ते सोडून दिलं होतं. तुम्ही मागचा भाग उघडलात, आतली पारदर्शक नळी पिवळी झाली होती, पण मऊ होती. ती रबराची नाही, एका प्रकारच्या प्लास्टिकची आहे, म्हणून टिकते. साध्या पाण्यात पेन ठेवून दाबा, सोडा, दाबा, सोडा. पाणी निळं होत गेलं, मग फिकट, मग तळाशी काळसर कण, मग पुन्हा गडद निळं. निबेमागे बारीक चकत्यांचा एक भाग असतो, जास्तीची शाई तिथे थोपून राहते, आणि वाळलेली शाई लपते तीही तिथेच. तुम्ही आवरण उघडायची घाई केली नाहीत. "पाणी स्वच्छ होईपर्यंत पाणीच," म्हणालात आणि पेन रात्रभर भांड्यात उभं ठेवलंत. ते पेन आवरण न उघडताच सुरू झालं. हे पत्र त्याच पेनाने लिहिते आहे.

निब पारखायची तुमची रीत मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. इंग्रजी आठाचा आकडा गिरवून निब बघतात, असं मी सगळीकडे वाचलं होतं. तुम्ही कागदावर आधी "श्री" लिहायचात, मग "ळ", मग एक लांबलचक शब्द लिहून त्यावर एका दमात शिरोरेघ ओढायचात. निबेच्या चिरेच्या दोन्ही बाजूची टोकं एका पातळीत नसतील तर खाली येणाऱ्या काना-दांडीला ते फारसं जाणवत नाही. निब आडवी जाते तेव्हा कागदाकडे जास्त आलेलं टोक बोचतं. इंग्रजी लिहिणाऱ्याचा हात इतका लांब, सलग आडवा जात नाही. आपला प्रत्येक शब्दाला जातो. आणि "ळ" दोन्ही बाजूंना वळतो, त्यामुळे कुठल्या वळणावर शाई तुटते ते लगेच दिसतं. मग भिंग डोळ्याला लावून, नखाने टोक केसभर दाबून, पुन्हा "ळ". मी तुम्हाला एका निबेवर अख्खी दुपार घालवताना पाहिलं आहे. मराठी लिहिणाऱ्यासाठी निब बसवायची तर मराठीतच बसवावी लागते, हे ज्ञान मला कुठल्याही परदेशी माहितीत मिळालं नसतं.

देशी पेनांना तुम्ही कधी दुय्यम मानलं नाहीत, यासाठीही आभार. माझ्या पेटीत तेव्हा सगळी अमेरिकन आणि इंग्रज पेनं होती. तुम्ही आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम यांच्या हातघडणीच्या एबोनाइट पेनाबद्दल सांगितलंत. त्यांनी पाठवलेलं पेन वापरून गांधीजींनी जुलै 1935 मध्ये वर्ध्याहून त्यांना पत्र लिहून आभार मानले आणि बाजारातल्या परदेशी पेनांना हे चांगला पर्याय वाटतं असं कळवलं. पेनाबद्दल आभार मानायला पत्र लिहायचं, ही त्यामुळे आपल्याकडची चांगली जुनी रीत आहे असं मी धरून चालते. शाईच्या बाबतीत तर तुम्ही उठून दारातच उभे राहिलात आणि हाताने दिशा दाखवलीत. दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये हॉर्स ब्रँड शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली ती याच गिरगावात, पुढे त्याचंच कॅमलिन झालं. ड्रॉपरने भरायच्या देशी पेनात शाई कमी उरली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि कागदावर थेंब पडतो, म्हणून ते पेन अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही, ही तुमची सूचना मी आता येईल त्याला देते.

न वापरलेल्या पेनाला जास्त किंमत येते, किमतीचं स्टिकर शाबूत असेल तर आणखी जास्त. मला हे आता पटत नाही. शाई न पाहिलेल्या पेनाची नळीसुद्धा कडक होतेच. माझ्याकडची जी पेनं मी कधीच वापरणार नव्हते ती दुरुस्त करून मी लिहिणाऱ्या माणसांना दिली. एक शेजारच्या वकीलबाईंकडे आहे, एक माझ्या भाचीकडे, ती त्याने प्रयोगवही लिहिते. उरलेली सगळी मी पाळीपाळीने भरते. बँकेत दिवसभर कीबोर्ड असतो, पण रोजची टिपणं, आईला पत्र, घरचा हिशोब, सगळं शाईने. स्वस्त वहीत शाई फुटते म्हणून कागद पारखून घ्यायची सवय लागली आहे, आणि अक्षर सुधारलं असं आईने आपणहून लिहिलं.

तुमच्या डब्यातलं भिंग, लाखेची बाटली, ब्लेडं, नळ्यांच्या पुड्या, सुट्या जिभा (निबेला शाई पोचवणारे भाग) आणि निबा, सगळं मी जागच्या जागी ठेवलं आहे. तुमची गिऱ्हाइकं कुठून कुठून पत्ता काढत माझ्याकडे येतात. मी नोकरी सांभाळून रविवारी बसते, आणि ज्याला बघायचं आहे त्याला शेजारी स्टूल देते. गेल्या महिन्यात कॉलेजातला एक मुलगा आजीचं पेन घेऊन आला. नळी त्यानेच चढवली, मी फक्त लाख किती लावायची ते सांगितलं. मजुरीचं विचारलं तर तुम्ही घ्यायचात तेवढीच घेते.

एका कामात मात्र तुमचा हात हवा आहे. एक हिरवं, पट्ट्यांचं सेल्युलॉइडचं पेन आलं आहे. त्याच्या खटक्याला धरणारी आतली बारीक कडी खाचेतून सुटली आहे आणि खटका लोंबतो आहे. मी चिमट्याने पोहोचू शकते, पण नळकांडं त्या जागी किंचित आत आलं आहे, आणि ऊब द्यायला मन धजत नाही. म्हणून ते तसंच कापसात गुंडाळून ठेवलं आहे. गणपतीत मी चिपळूणला येते आहे, तेव्हा ते आणि भिंग दोन्ही घेऊन येईन. येताना तुमच्यासाठी सोळा आणि अठरा नंबरच्या नळ्याही आणते. आणखी काही हवं असेल तर कळवा.

काकूंना नमस्कार.

तुमची,
जिन्याखालच्या स्टुलावरची विद्यार्थिनी