पंप चालू राहिला

वर्तकनगर, ठाणे
१६ नोव्हेंबर

प्रिय दिग्या,

फोन केला असता तर दुसऱ्या वाक्याला तू शिव्या घातल्या असत्यास आणि तिसऱ्या वाक्याला मी खोटं बोललो असतो. म्हणून पत्र. तुला शेवटचं पत्र लिहिलं ते बारावीच्या सुट्टीत, तू मालवणला होतास तेव्हा. त्यातही पैसेच मागितले होते.

आधी मुख्य गोष्ट टाकून मोकळा होतो. तू माझ्याकडे ठेवून गेलास ती टाकीतली श्रिंप, ती बारीक लाल कोळंबी, मेली. सगळीच्या सगळी, ११ मेला आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात. मी मारली.

गणपतीत तुला पाठवलेला फोटो गेल्या वर्षीचा होता. तू लगेच लिहिलंस, "ही पट्टेवाली अजून आहे? दीड वर्ष उलटलं असेल रे, म्हातारी चिवट निघाली!" त्यावर मी अंगठा दाखवला. बाकी आयुष्यात बरंच खोटं बोललोय, तुझ्या घरी काकूंशी तर नियमित, पण तो अंगठा मला अजून टोचतोय.

तब्येत ठीक. साखर होती तिथेच आहे. सुजाता ठीक, तिची पाठ तिच्या जागी.

तर ११ मे. सोसायटीत झुरळांची फवारणी होती. फवारणीवाल्या पोराने दारातच विचारलं, "अंकल, फिश टँक आहे का?" बघ, त्याने विचारलं. मी छाती काढून सांगितलं, "झाकलाय." आणि झाकला होताच. काचेवर प्लास्टिक, कडेने चिकटपट्टी, वरून आईची सोलापुरी चादर. जाळी, मग, खायचा डबा, सगळं गच्चीत नेऊन ठेवलेलं. पंप मात्र खाली फरशीवर, सिंकच्या शेजारी, चालू. अर्धा तास तो स्वयंपाकघरातली हवा ओढून नळीने टाकीच्या तळाशी सोडत होता. चादरीखालून बुडबुड्यांचा आवाज येत होता आणि मला वाटत होतं, चला, निदान श्वास तरी मिळतोय बिचाऱ्यांना.

तू जाताना फ्रिजवर चिकटवलेला कागद आठवतो? पहिलीच ओळ, "पंप म्हणजे टाकीचं नाक." मी तेव्हा खाली पेनाने लिहिलं होतं, "आणि दिग्या म्हणजे टाकीची सासू." तो कागद अजून तिथेच आहे. मी रोज त्याच्यासमोर उभा राहून दूध काढतो.

दोन तासांनी चादर उचलली. कोपऱ्यात शांत चरणारी ती सगळी वेड्यासारखी गोल गोल पळत होती. काचेवर आपटत होती, मग आडवी पडून पाय झाडत होती. झुरळाचं औषध मज्जातंतूंवर जातं आणि झुरळ काय, श्रिंप काय, शेवटी एकाच खानदानातले. गोगलगायी ढिम्म, काचेवरून फिरतायत, जणू घरात काही घडलंच नाही.

इथपर्यंतचं मी स्वतःला माफ केलं असतं. पण पुढे मी जे केलं ते ऐक. हातात बादली घेतली आणि टाकीतलं पाऊण पाणी काढून नवीन भरलं. मे महिना. पाणीकपात. आमच्या टाकीत टँकरचं पाणी. आपलं नळाचं पाणी क्षार मोजायच्या मीटरवर शंभराच्या आत असतं, श्रिंपच्या टाकीचं मी एकशे ऐंशीवर ठेवलं होतं, आणि टँकरचं निघालं साडेचारशे. ते मी मोजलं कधी? दुसऱ्या दिवशी. क्लोरीन घालवायला हायपोचे खडे टाकले होते, तेवढी अक्कल शिल्लक होती. पण जी तीसेक औषधातून वाचली होती, ती पुढच्या आठवड्यात कात टाकताना गेली. मानेमागे ते पांढरं कडं दिसायचं, कवच गोल फाटलेलं, आणि आतला जीव बाहेर पडता पडता अडकलेला. रोज चार-पाच. औषध शोषायला कोळशाची पिशवी लटकवून थोडं थोडं पाणी बदललं असतं, दिवसाला दोन-चार मग, तर त्यातली निम्मी राहिली असती असं मला वाटतं. तू म्हणशील राहिली असती की नसती. मला ते ऐकायचंय. तू म्हण.

मी एकशे चाळीसपर्यंत मोजली, मग मोजणं सोडलं. सुजाता मागे उभी होती. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "झुरळं मात्र आहेत."

तू कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारातून दहा आणली होतीस. दहातली तीन ट्रेनमध्येच गेली, कारण तू पिशवी पंख्याखाली धरायची सोडून दारात उभा होतास. मी तेव्हा बोललो नव्हतो, आज बोलतो. उरलेल्या सातांतून तू ती लाल रांग उभी केलीस. फिकी निघाली की उचलायची आणि गप्पीच्या टाकीत. त्यावरून आपण तलावपाळीच्या कट्ट्यावर भांडलो होतो, मी तुला हिटलर म्हणालो होतो आणि तू मला भेळेचे पैसे द्यायला लावले होतेस. पाच वर्षं उचलून उचलून तो रंग आला होता. बंगळुरूला जाताना तू टाकी माझ्याकडे ठेवलीस आणि म्हणालास, "तुझ्याकडून काही होणार नाही, पण काही बिघडणारही नाही." अर्धं चुकलास.

आता पत्र लिहिण्याचं खरं कारण. (हो, अजून खरं कारण आलेलंच नाही. शिरोडकर सर म्हणायचेच, याचं उत्तर पुरवणीत सुरू होतं.)

खालच्या मजल्यावर सावंतांची इरा आहे, चौथीत. एप्रिलमध्ये तिला शाळेसाठी काहीतरी "पाण्यातलं झाड" हवं होतं. मी टाकीतलं मूठभर जावा मॉस आणि दोन तांबे टाकीतलंच पाणी तिच्या लोणच्याच्या बरणीत घालून दिलं, वर एक गोगलगाय फुकट. विसरून गेलो. दिवाळीच्या सुट्टीत ती दारात आली. "काका, बरणीत किडे झालेत. आई फेका म्हणते." मी चप्पल न घालता खाली गेलो.

तेवीस, दिग्या. दोनदा मोजली. एवढीशी, दीड-दोन मिलिमीटरची, काचेला चिकटलेली, आणि मोठी, चांगली इंचभर. मॉसमध्ये पिल्लं गेली असणार. तुला माहीत आहे ना ती अंड्यातून बाहेर येतात तीच आईबापांची छोटी नक्कल असतात. तुझ्या त्या अमानो श्रिंपच्या पिल्लांसारखा त्यांना समुद्राच्या पाण्याचा हट्ट नाही. (खाडीचं पाणी. पाच लिटरचा कॅन. तुझ्या बाबांचं तोंड. एवढंच म्हणतो.) सावंतांकडे आजींना दमा, म्हणून त्यांनी मेमध्ये फवारणी करूच दिली नव्हती. उत्तरेची खिडकी, खाली नारळाची सावली. पंप नाही, फिल्टर नाही. पाणी खाली गेलं की इरा प्यायच्या आरओ फिल्टरचं एक भांडं ओतते. वाफ होऊन पाणीच जातं, क्षार मागे राहतात, म्हणजे वरून बिनक्षाराचं घालायचं हे आपण दोघं सहा महिने डोकं फोडून शिकलो आणि त्या पोरीने तहान लागेल म्हणून केलं. खायला आजी कुंडीतल्या शेवग्याची दोन पानं टाकतात. कुंडीतली, बाजारातली नाही. बाजारातला फवारलेला पालक असता तर आज हे पत्र अर्ध्यात संपलं असतं.

रंग उतरलाय. पण बरणीखाली पांढरी लादी आहे, काळ्या वाळूवर आली की चढेल असं मी स्वतःला सांगतोय. तीन-चार अगदीच पाणचट आहेत. त्यांच्याकडे तू बघायचं नाही.

तिने नावं ठेवलीयत. मध्य रेल्वेची. कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, ठाकुर्ली. डोंबिवली कोण असं विचारलं तर म्हणाली, ती सगळी बारीक बारीक एकत्र आहेत ना, ती डोंबिवली. शेपटीखाली अंडी घेऊन बसलेली मादी ती दिवा, कारण दिव्याहून फाटे फुटतात. माझ्या सासूबाईंनी बरणी बघून विचारलं, "जवळा आहे की करंदी? सुकत कधी घालायचा?" इरा दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

मग मी रोज खाली जायला लागलो. मध्ये ती रडत वर आली, कोपर मेली. कोपर मेली नव्हती, कात टाकून मॉसमागे लपली होती, नवं कवच मऊ असतं तेव्हा लपतात. मी तिला सांगितलं, कात काढायची नाही, तीच खातील, कॅल्शियम त्यातच असतं. जांभळी नाक्यावरच्या काष्ठौषधीवाल्याकडून समुद्रफेस आणून त्याचा एक तुकडा टाकला. बदामाचं वाळलेलं पान तिनेच खालून उचलून आणलं, रस्त्याकडेचं नको म्हणून मी बागेतलं आणायला लावलं. डासांची अगरबत्ती त्या खोलीत नाही, अंगाला डासांचं मलम लावून बरणीत हात नाही, रंगीत माशांचं औषध चुकूनही नाही कारण बऱ्याचांत तांबं असतं. ती सगळं वहीत लिहिते. दिग्या, ती वही तुझ्या फ्रिजवरच्या कागदापेक्षा बरी आहे, तिच्यात चित्रं आहेत.

तिची आई म्हणाली, वाढली तर उपवन तलावात सोडून द्या, पुण्य लागेल. मी असं काही भाषण ठोकलं की त्यांनी चहाही विचारला नाही. बाहेरचा जीव आपल्या तळ्यात सोडायचा नाही, तिथल्यांच्या घासावर येतो, वगैरे. बोलताना डोळ्यासमोर तू होतास, सहावीतला, हातात बादली, बादलीत वीतभर सकर मासा. "मोठा झालाय रे, मोकळं होऊ दे त्याला." मी नको म्हणालो होतो. म्हणालो होतो हे तू आजवर कबूल केलेलं नाहीस.

आता माझं डोकं जिथे अडकलंय तिथे येतो. माझी टाकी पुन्हा लावलीय. जुना स्पंज फेकला, वाळू फेकली, लाकूड फेकलं, नळ्या नव्या. काच चार वेळा धुतली. नळाचं पाणी, दीड महिना फिरतंय, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. गोगलगायी मजेत, पण त्यांची साक्ष कोण धरतो, त्या तर तेव्हाही मजेत होत्या. काचेच्या सिलिकॉनमध्ये ते औषध बसलं असेल तर? सुजाता म्हणाली डासांच्या अळ्या सोडून बघ, त्या जगल्या तर श्रिंप जगतील. तर्क वाईट नाही. पण डेंग्यूची तपासणी करणारे लोक दर पंधरा दिवसांनी घरोघर फिरतात, आणि "मी अळ्या प्रयोगासाठी पाळल्यात" हे वाक्य मला त्यांच्यासमोर बोलवणार नाही.

तेव्हा उरतो एकच उपाय. एक श्रिंप आधी टाकून बघायची. नळीला गाठ मारून टाकीचं पाणी तिच्या भांड्यात थेंब थेंब, दोन-तीन तास, तू दाखवलंस तसं. मी इराला म्हटलं, एक दे. तिने विचारलं, कशाला एक? मी खरं सांगितलं. ती बराच वेळ बरणीकडे बघत बसली आणि म्हणाली, "एकट्या कळव्याला नाही पाठवायचं, काका." मग म्हणाली, "तुमच्याकडे मेली होती ना सगळी?" तिला कोणी सांगितलं माहीत नाही. सासूबाईंचा सूड असावा.

आणि मला हेही कळत नाही की मी मागतोय कोणाची. तुझी की तिची? बरणीत तेवीस आहेत, दिवा व्यायली की चाळीस-पन्नास होतील, बरणीला ते झेपणार नाही, एका रात्रीत पाणी फिरेल आणि पुन्हा ११ मे. म्हणजे काही बाहेर काढायलाच हवीत. तिला छोटी टाकी आणून द्यायला मी तयार आहे, तिची आई तयार नाही. माझ्याकडे टाकी तयार आहे, माझ्यावर कोणाचा भरवसा नाही. माझाही नाही. रात्री उठून पंपाचा प्लग बघतो. आता पंप माळ्यावर, टाकीच्या वर ठेवलाय, आणि बटणावर लाल चिकटपट्टी आहे.

तू सांग. सहा महिन्यांनी काच सुरक्षित धरायची का? नवीन टाकीच घ्यायची का? पाणचट पोरींना चाचणीला पाठवायचं म्हणशील, माहीत आहे मला, ते सोडून काहीतरी सांग. फिकी म्हणून कोणाला पुढे करायचं हे मी इराला समजावू शकत नाही, आणि तुझ्याशी त्यावरून एकदा भेळ हरलोय.

तुझं काय? अश्विनीच्या बदलीचं झालं का? काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन डिसेंबरात ना? ओमला म्हणावं दहावीत मन्याकाकाला किती पडले ते विचारू नकोस. गोट्या परवा स्टेशनवर भेटला, पुन्हा लग्न करतोय.

राग आला असेल तर पत्रानेच ये. फोनवर तू गप्प बसतोस आणि ते मला सहन होत नाही.

तुझा,
मन्या

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आत खाली जाऊन आलो. दिवाच्या अंड्यांत काळे ठिपके दिसतायत. डोळे. म्हणजे आठवड्याच्या आत. इराने विचारलं, बंगळुरूचे काका कधी येणार? मी तारीख सांगितलेली नाही.