वटवाघूळ बास झालं, बोटांबद्दल लिहा

संपादकसाहेब, नमस्कार,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ब्लॅक सबाथ या इंग्लंडच्या हेवी मेटल बँडवर अख्खं पान बघून खूश झालो होतो, पण आत काय तर वटवाघळाचं डोकं, सैतान नि ड्रग्ज. आणि ते वटवाघूळ तरी बँडच्या नावावर कशाला टाकता, स्टेजवर त्याचं डोकं चावलं ते १९८२ चं प्रकरण, गायक ऑझी ऑसबर्नचं, आणि त्याला बँडने १९७९ लाच हाकललेलं, तो स्वतःच्या टूरवर होता तेव्हा.

मी भोसरीत बावीस वर्षं पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसवर काढली, त्यामुळे माझ्यासाठी बँडमधला मेन माणूस गिटारवाला टोनी आयोमी. बर्मिंगहॅमचं पोरगं, वय १७, शीट मेटलच्या कारखान्यात वेल्डिंगला. नोकरीचा शेवटचा दिवस होता, दुपारी जेवायला घरी आला तर परत जायचा मूडच नव्हता, आईच म्हणाली जा बाबा, दिवस पूर्ण कर. त्या दिवशी प्रेसवरची बाई आली नव्हती म्हणून याला मशीनवर उभं केलं, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. त्यात हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच! मग कारखान्याच्या मॅनेजरने त्याला जँगो राईनहार्टची रेकॉर्ड आणून दिली, त्या गिटारवाल्याची दोन बोटं आगीत निकामी झालेली तरी वाजवायचा. ते ऐकून याने भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वरून चामडं लावलं, हलक्या तारा शोधल्या, आणि १९७१ च्या तिसऱ्या अल्बमला तर तारा ढिल्या करून गिटार दीड स्वर खाली आणली. तो जो जड, घुमणारा आवाज पुढे जगभरच्या मेटलवाल्यांनी उचलला, त्यात त्या प्रेसचा हात आहे हो.

सैतानाचं म्हणाल तर गाणी बहुतेक बेसवाला गीझर बटलर लिहायचा, आणि १९७० चं 'वॉर पिग्ज' सरळसरळ युद्ध लावणाऱ्या जनरल लोकांना शिव्या आहेत. गळ्यातले क्रॉस ऑझीच्या वडिलांनी ॲल्युमिनियमचे बनवून दिलेले, ते टूलमेकर, म्हणजे कारखान्यात हत्यारं बनवणारे, होते. आता टूलरूममधला बाप पोरांना क्रॉस करून देतो यात कसला आलाय सैतान?

ऐंशीनंतर गायक इतके बदलले की हिशोब लागत नाही, त्यातला डिओ तेवढा मला आवडतो, बाकी सोडा. पण ५ जुलै २०२५ ला त्यांच्याच बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातल्या व्हिला पार्क स्टेडियमवर मूळचे चौघं वीस वर्षांनी एकत्र आले, ऑझीला उभं राहवत नव्हतं तर बसून गायला, आणि सतरा दिवसांनी वारला. यावर तुमच्याकडे दोन ओळी.

पुढच्या वेळी छापायचाच तर आयोमीच्या उजव्या हाताचा फोटो छापा, मोठा. आमच्या शॉपच्या बोर्डावर लावतो, सेफ्टी गार्ड काढून प्रेस चालवणारी पोरं आहेत दोन-तीन.

तुमचा एक वाचक,
भोसरी, पुणे