गिधाडे पाहायला एक्स्त्रेमादुरात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला स्पेनच्या सहलीवरचा लेख वाचला. माद्रिद, बार्सिलोना, फ्लेमेंको, टोमॅटोची धुळवड, सगळे आले. सोबत एक छायाचित्र होते. चर्चच्या मनोऱ्यावर काटक्यांचे भले थोरले घरटे, त्यात लाल चोचीचा पक्षी, खाली चौकात घोड्यावर बसलेल्या वीराचा पुतळा. ओळ छापली होती, ‘चर्चवरील बगळा’. तो करकोचा आहे. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. तो चौक त्रुहियो गावातला, पुतळा पेरूचे इन्का राज्य बुडवणाऱ्या फ्रान्सिस्को पिझारोचा, आणि गाव एक्स्त्रेमादुरा प्रांतातले. अख्ख्या लेखात त्या प्रांताचे नावसुद्धा नाही.

मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत ३१ वर्षे काढली, त्यातली शेवटची बारा रायगड जिल्ह्यात. मुलगी नोकरीनिमित्त माद्रिदला असते. गेल्या नोव्हेंबरात आम्ही दोघे तिच्याकडे गेलो होतो. “बाबा, आधी काय बघायचंय?” म्हणाली. मी म्हटले, “गिधाडं.” तिला वाटले मी चेष्टा करतोय.

माद्रिदहून नैऋत्येला अडीचशे किलोमीटर गेलो की त्रुहियो येते. प्रांत पार पोर्तुगालच्या हद्दीला भिडलेला. आकाराने केरळपेक्षा थोडा मोठा, वस्ती मात्र जेमतेम दहा लाखांच्या वर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्याला तिथे ‘देहेसा’ म्हणतात ते रान लागते. रान म्हणावे तर खाली कुरण, कुरण म्हणावे तर वर झाडे. सदाहरित ओक सुटे सुटे उभे, खाली गुरे, मेंढ्या आणि काळी इबेरियन डुकरे. काही झाडे बुचाच्या ओकची. त्यांची साल साधारण नऊ वर्षांनी एकदा काढतात, आणि सोललेले खोड गेरू फासल्यासारखे दिसते. ऑक्टोबरपासून ओकची फळे गळू लागली की डुकरे त्यांवर सोडतात. कुंपणापाशी उभा राहून मी अर्धा तास एकच डुक्कर बघत होतो. फळ तोंडात घ्यायचे, कडकन फोडायचे, गर गिळायचा आणि टरफल ओठांच्या कडेने बाहेर टाकायचे. शेंगा सोलणारी आजीबाईच. ह्याच फळांसाठी उत्तर युरोपातून हजारोंनी क्रौंच पक्षी हिवाळ्यात इथे उतरतात. सौ. गाडीतून म्हणाली, “झालं का तुमचं डुक्कर तपासून?”

त्रुहियोहून पुढे मोन्फ्राग्वे राष्ट्रीय उद्यान. ताहो नदीच्या वळणावर रस्त्याकडेला गाडी लावायची, समोर पाण्यातून सरळ उठलेला कडा. जागेचे नाव साल्तो देल हितानो. शिपायांना चुकवून कुणी जिप्सी दरोडेखोर इथून पलीकडे उडी मारून गेला, अशी दंतकथा आहे. सकाळी दहाच्या सुमारास ऊन कड्यावर आले आणि कपारींतली ग्रिफन गिधाडे एकेक करून सुटू लागली. पंख न हलवता, गरम हवेवर गोल गोल. मी मोजायला लागलो, ६४ वर हिशेब चुकला. नंतर वरच्या पडक्या किल्ल्यावर चढलो, तर ती आमच्या खालून जाऊ लागली, पाठ दिसावी इतकी. तेवढ्यात एक काळे गिधाड आले. ह्यांचे पंख पसरले की अडीच मीटरच्या पुढे जातात, आणि घरटी कड्यावर नाही, झाडावर. मोन्फ्राग्वेत त्यांच्या ३००हून अधिक जोड्या आहेत. जगातल्या मोठ्या वसाहतींपैकी ही एक.

हे आपसूक टिकलेले नाही. १९७०च्या दशकात कागदाच्या लगद्यासाठी इथले मूळ रान तोडून निलगिरी लावायला सुरुवात झाली होती. हेसूस गार्सोन नावाच्या निसर्गप्रेमीने त्याविरुद्ध रान उठवले. १९७९मध्ये संरक्षण मिळाले, २००७मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. लावलेली निलगिरी पुढे बरीचशी उपटून काढली. ह्याच गृहस्थाने मेंढपाळांच्या जुन्या वाटा पुन्हा चालत्या केल्या. आपले धनगर घाट उतरून कोकणात येतात ना, तशी तिथली मेंढरे उत्तरेच्या डोंगरांतून हिवाळ्याला एक्स्त्रेमादुरात उतरत. राजा दहाव्या आल्फोन्सोने १२७३मध्ये त्या मेंढपाळांच्या संघाला, ‘मेस्ता’ला, सनद दिली होती. वाटेवर मेलेले जनावर म्हणजे गिधाडांचे जेवण.

त्या जेवणावर मध्यंतरी गदा आली होती. गाईंच्या ‘मॅड काऊ’ रोगानंतर २००२च्या युरोपीय नियमाने मेलेली जनावरे उचलून नष्ट करणे सक्तीचे केले. गिधाडे उपाशी पडू लागली. २०११मध्ये स्पेनने ठरावीक भागांत मेलेली जनावरे रानातच सोडायला पुन्हा परवानगी दिली.

आता माझ्या मनातले. १९९०च्या दशकात दुखऱ्या, तापलेल्या गुरांना डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन मीही दिलेले आहे. स्वस्त औषध, तासाभरात बैल उठायचा, शेतकरी दुवा द्यायचा. पुढे २००४मध्ये कारण सिद्ध झाले: असे जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. आपल्याकडे २००६मध्ये जनावरांसाठी बंदी आली, तरी माणसांसाठीच्या ३० मिलीच्या बाटल्या गोठ्यांत पोचतच राहिल्या. २०१५मध्ये त्या ३ मिलीवर आणाव्या लागल्या. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातले एक उरले नव्हते. म्हसळ्याच्या चिरगावसारख्या ठिकाणी लोकांनी मेलेली गुरे घालून थोडी राखली, एवढेच.

आणि ऐका, हे सगळे जगजाहीर असताना २०१३मध्ये स्पेनने तेच औषध गुरांसाठी आणि डुकरांसाठी मंजूर केले! २०२०मध्ये त्यांच्याच काटालुन्या प्रांतात एक काळे गिधाड त्यानेच मेले. मेलॉक्सिकॅम हा निर्धोक पर्याय हाताशी आहे. युरोपातली नव्वद टक्क्यांहून अधिक गिधाडे ज्या देशात आहेत त्याने असे करावे, हे मला त्या कड्यासमोर उभे राहून पचले नाही. शेजारी दुर्बीण लावून बसलेल्या एका स्पॅनिश आजोबांना मी मुलीकरवी हे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि मग त्यांची दुर्बीण माझ्याकडे दिली.

शाकाहारी वाचकांसाठी एक टीप. जेवणात डुक्कर सगळीकडे, अगदी लसूण आणि पिमेंतोन (तिथले लाल तिखट) घालून परतलेल्या शिळ्या पावातही (आपल्या फोडणीच्या पोळीचा भाऊ). पण ‘तोर्ता देल कासार’ नावाचे मेंढीच्या दुधाचे मऊ चीज काटेरी फुलाच्या रसाने विरजतात, वासराच्या जठराचे काही त्यात नसते. सौ.ने तीन दिवस त्यावरच काढले.

कुणी जाणार असेल तर मार्च-एप्रिलमध्ये जावे. पांढरी गिधाडे आणि काळे करकोचे तेव्हा आफ्रिकेतून परतलेले असतात. आम्हाला ते हुकले. आणि छायाचित्राखालची ओळ पुढच्या अंकात तेवढी दुरुस्त करावी: करकोचा, त्रुहियो, एक्स्त्रेमादुरा.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक
श्रीवर्धन, जि. रायगड