मुंग्यांना साखर नको, गारवा हवा

महोदय,

सुट्टीत गावी जाताना पाळीव प्राण्यांची सोय कशी लावावी, यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. कुत्री, मांजरं, लव्हबर्ड, मासे, सगळ्यांची सोय लागली. मुंग्या पाळणाऱ्या मुलांना मात्र एका ओळीत सांगून टाकलंय, की निघताना भरपूर साखर ठेवा. हे ऐकलं तर पोरं परत येतील तेव्हा मुंग्या असतील याची खात्री नाही, म्हणून हे पत्र.

मुंग्या कुणी पाळतं का, असं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. पहिल्या पावसानंतर पंख गाळून भटकणारी मुंगळ्यांची राणी सापडली, की परीक्षानळीच्या तळाला पाणी भरायचं, वर कापसाचा घट्ट बोळा बसवायचा, मग राणी सोडून तोंडाला पुन्हा कापूस. झालं घर. मी एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. त्यामुळे जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीतली पोरं नळ्या मागायला माझ्याकडे येतात, आणि मे महिन्यात मामाच्या गावाला निघाली की त्याच नळ्या राणीसकट माझ्याकडे ठेवून जातात. आमच्या घरातून परवानगी आहे. स्वयंपाकघरात आणायच्या नाहीत, एवढीच अट.

खाण्याची काळजी सगळ्यात कमी. मुंगीच्या पोटात जठराच्या आधी एक साठवणीची पिशवी असते. त्यातला गोड रस ती तोंडाने दुसरीला भरवते, दुसरी तिसरीला. निघायच्या आदल्या दिवशी पाण्यात कालवलेल्या मधाचा थेंब दिला, की कामकरी मुंग्या पिशव्या भरून घेतात आणि पाणी असेल तर आठवडाभर कुणाचं अडत नाही. अळ्यांना मांसाहार लागतो. त्यांच्यासाठी झुरळाची एखादी तंगडी टाकावी, पण ते झुरळ औषध मारलेलं नसावं, आणि उरलंसुरलं निघण्यापूर्वी उचलावं. नाहीतर बुरशी धरते. राणी नवी आणि एकटी असेल तर तिला काहीच घालू नका. उडण्याचे स्नायू आता तिच्या कामाचे नसतात; तेच अंगात जिरवून ती पहिली पिल्लं वाढवते. दर तासाला बॅटरी मारून बघणारा मालक गावाला गेला, तर तिचं बरंच चालतं!

खरा धोका आपल्या उन्हाचा. पारा त्रेचाळीसच्या वर, वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, तापलेला स्लॅब, खिडक्या बंद, पंखा बंद. अशा खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर नळी ठेवली तर कापसामागे अडकलेली हवा फुगते, पाणी पुढे ढकलते आणि राणी पाण्यात. एरवी ते पाणी आठवडेच्या आठवडे पुरतं. निघताना निम्म्याहून कमी असेल तर दुसरी भरलेली नळी तोंडाला तोंड लावून जोडून ठेवावी. नळ्यांची जागा खाली जमिनीवर, आतल्या खोलीत. मी कॉटखाली शहाबादी फरशीवर ठेवतो. काही हुशार पोरं परदेशी व्हिडिओ बघून फ्रीजमध्ये ठेवू का विचारतात. थंड प्रदेशातल्या मुंग्या हिवाळ्यात झोपी जातात, म्हणून तिकडचे लोक तसं करतात. आपल्या मुंगळ्याला फ्रीज नको.

त्याच व्हिडिओंमुळे बाहेरच्या मुंग्या विकत मागवायचं वेडही वाढतंय. २०२५ मध्ये केनियात बेल्जियमची दोन १९ वर्षांची पोरं सुमारे ५,००० राणी मुंग्यांसह पकडली गेली. कापूस घातलेल्या दोन हजारांवर नळ्या होत्या, आणि त्यांत मुंग्या दोन महिने तगाव्यात अशी सोय होती. कोर्टाने दहा लाख शिलिंग दंड किंवा वर्षभर कैद सुनावली. चोरांचं कौतुक नाही, पण त्यांनाही साखरेची पोती लागली नव्हती. आणि हौसेला अंगणातला मुंगळा पुरतो, तो फुकट मिळतो.

शेजाऱ्यावर नळ्या सोपवणार असाल, तर काय खायला घालायचं याच्याआधी काय करायचं नाही ते सांगा. झुरळांचं औषध त्या खोलीत मारायचं नाही, धूर करायचा नाही. आणि कामवाल्या मावशींना आवर्जून दाखवून ठेवा; मुंगी दिसली की त्यांचा हात खडूकडे जातो, त्यांचाही दोष नाही. बाहेरच्या बारक्या लाल मुंग्या वास काढत येतात आणि नळीत शिरतात, त्यांना मात्र अडवावं लागतं. खडूऐवजी परातीत पाणी ओतून मधोमध पाटावर नळ्या ठेवाव्यात, आपण लाडवाच्या डब्याला करतो तसं.

आमच्या सोसायटीतल्या पोरांना एक विनंती याच पत्रातून करतो. यंदा नळीवर आपापलं नाव लिहून द्या. राण्या दिसायला सगळ्या सारख्याच असतात, आणि मागच्या सुट्टीनंतरचं भांडण अजून मिटलेलं नाही.

– एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर, जुळे सोलापूर